नॅट, अजित आणि मरुत : साताऱ्यात करून घेतलेली तीन मॉडेलं आणि त्यांच्या नावपट्ट्या

गेल्या दिवाळीनंतर मी साताऱ्यात लढाऊ विमानांची तीन लाकडी मॉडेलं करून घेतली. पितळी नावपट्टी आणि स्टँड धरून एक मॉडेल ३,२०० रुपयांना पडलं. पंधरा दिवसांत देतो म्हणाले होते, हातात यायला पाच आठवडे लागले. तरीही ज्याला असं काम करून घ्यायचं आहे त्याला मी याच दुकानात पाठवीन. उशीर झाला तो लाकडामुळे नाही, नावांमुळे झाला, आणि नावांसाठी इतका वेळ द्यायला तयार असलेलं दुसरं दुकान मला आजवर भेटलेलं नाही.

मी वायुसेनेत एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची दुरुस्ती करणारा, होतो. १९८० साली भरती झालो, आधी अजितवर आणि पुढे मिग-२१ वर काम केलं. आता कोरेगाव तालुक्यात गावीच असतो. आमच्या गावात माजी सैनिकांची एक खोली आहे. भिंतीवर तसबिरी, एक कपाट, दोन बाकं. पहाटे रस्त्यावर धावून आलेली भरतीची पोरं तिथंच बसून अभ्यास करतात. तसबिरींमध्ये फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों यांचीही आहे. वायुसेनेला मिळालेलं एकमेव परमवीरचक्र त्यांचं. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना ते नॅट हे छोटं लढाऊ विमान घेऊन उडाले, पाकिस्तानच्या सेबर विमानांशी भिडले आणि परत आले नाहीत. त्या तसबिरीखालची फळी कित्येक वर्षं मोकळी होती. २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला मिग-२१ चा निरोप समारंभ झाला, तो मी टीव्हीवर पाहिला आणि ठरवलं, आता ती फळी भरायची.

पूर्वी एकदा घरबसल्या मागवून पाहिलं होतं. पेटी उघडली तर पंखावरच्या वर्तुळाचे रंग उलटे. आपल्या वायुसेनेच्या वर्तुळात केशरी बाहेर आणि हिरवा मध्यभागी असतो, त्यांनी हिरवा बाहेर काढला होता. पट्टीवर नुसतं ‘इंडियन जेट’. ते मॉडेल मी खोलीत ठेवलं नाही. पोरं तिथली पट्टी वाचतात आणि वहीत उतरवून घेतात. वहीतलं उद्या तोंडी परीक्षेत बाहेर येतं. तिथं चुकीचं नाव लावणं मला जमणार नाही.

तर हे दुकान. पोवई नाक्यापासून पायी पाचेक मिनिटांवर, एका बोळात. पाटी ट्रॉफी आणि सन्मानचिन्हांची आहे, विमानांचा उल्लेख कुठंच नाही. पुढच्या बाजूला निवृत्तीच्या ढाली, कबड्डीचे चषक, लग्नाच्या भेटवस्तू. मागं एक लांबट खोली, तिथं नवरा लाकडाचं काम करतो. बायको पुढं कॉम्प्युटरवर बसते, पितळेवर अक्षरं कोरायचं मशीन तिच्या हातात. दोघं पस्तिशीच्या आतबाहेरची. तो उंब्रजकडचा, ती साताऱ्याचीच. मॉडेलं शिवणीच्या लाकडात करतो. हलकं, फाटत नाही, आणि पॉलिश पेपर मारला की हाताला साबणासारखं लागतं. पंखाची मागची कड त्यानं इतकी पातळ आणली होती की उजेडात धरल्यावर लाकूड लालसर दिसत होतं. विमानाच्या कारखान्यात न गेलेल्या माणसाकडून मी एवढी अपेक्षा केली नव्हती.

नॅटचं काम पहिल्यांदा तयार झालं. १:३२ या प्रमाणात पंख टोकापासून टोकापर्यंत २१ सेंटिमीटर. खरं विमान तरी केवढं, पंखांचा पसारा पावणेसात मीटरच्या आत. जवळ उभं राहिलं की कॉकपिटची कड छातीला लागायची. मी मॉडेल हातात घेऊन पालथं केलं, जुनी सवय, विमान आधी खालून बघायचं. आणि तिथंच अडलो. पंखाखाली चार ठिकाणी शस्त्रं टांगलेली. पट्टीवर सुबक अक्षरात ‘नॅट’.

“दादा, हे नॅट नाही, अजित आहे.”

त्यानं मोबाईल काढून फोटो दाखवला. फोटोखाली नॅट लिहिलं होतं, विमान अजितचं होतं. त्याचा दोष नव्हता. दोन्ही विमानं सख्खी भावंडं, लांबून ओळखू येत नाहीत. मी त्याला तिथंच स्टुलावर बसून समजावलं. नॅट मूळचं ब्रिटनमधल्या फॉलंड कंपनीचं, पेटर नावाच्या डिझायनरनं आखलेलं, १९५५ साली पहिल्यांदा उडालेलं. आपण ते परवान्यावर बंगळूरला बांधलं. पोटात इंधन कमी मावायचं, म्हणून पंखाखाली जादा टाक्या लावाव्या लागायच्या. पुढं हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं त्याच विमानात सुधारणा केल्या, इंधन पंखाच्या आतच भरलं, आणि पंखाखालची जागा शस्त्रांना मोकळी झाली. ते अजित. त्याचं पहिलं उड्डाण १९७५ सालचं. सेखोंची लढाई १९७१ ची. म्हणजे त्यांच्या तसबिरीखाली हे मॉडेल ठेवलं तर जे विमान तेव्हा जन्मालाच आलं नव्हतं ते आपण त्यांच्या हाती देतो.

तो गप्प ऐकत होता. मग म्हणाला, “काका, शस्त्रं काढतो, भोकं लांबीनं बुजवतो. टाक्या कशा असतात ते काढून दाखवा.” मी बिलाच्या मागं पेन्सिलीनं काढून दिल्या. पैसे वाढवले नाहीत. पुढच्या आठवड्यात पंख खालून बघितला तर बुजवलेली जागा नखाला लागत नव्हती.

आता खरं सांगायचं ते पट्ट्यांबद्दल. लोकांना वाटतं, विमानाचं नाव म्हणजे पुस्तकात बघायचं आणि लिहायचं. तसं नसतं. एकाच विमानाला कारखान्याचं एक नाव असतं, सरकारी कागदावर दुसरं, वैमानिकांच्या तोंडी तिसरं आणि शत्रूनं ठेवलेलं चौथं. यातलं पट्टीवर कुठलं जावं याबद्दल जाणकार माणसं आयुष्यभर भांडतात, आणि ते भांडण फुकटचं आहे असं मला वाटत नाही. माझं मत पक्कं आहे. ज्या माणसांनी ते विमान उडवलं आणि दुरुस्त केलं, त्यांनी त्या काळात त्याला ज्या नावानं ओळखलं, ते नाव वर. बाकीची सगळी खालच्या ओळीत.

नॅटच्या पट्टीला हेच लागू केलं. त्या ताईंनी आधी ‘ग्नॅट’ टाइप केलं होतं, कारण इंग्रजी स्पेलिंग जी पासून सुरू होतं. मराठीतही काही ठिकाणी तसं छापलेलं मी वाचलं आहे. पण तो जी मुका आहे. इंग्रजीत तो शब्द चिलटाचा आहे, आणि त्याच्या आधी कंपनीनं जे चाचणीचं छोटं विमान उडवलं त्याचं मिज हे नावही तसल्याच एका माशीचं. फ्लाइट लाइनवर, म्हणजे विमानं उभी असतात तिथं, कुणाच्याही तोंडून मी ‘ग्नॅट’ ऐकलेलं नाही. परक्या भाषेतलं नाव आपण कानानं घ्यायचं. म्हणून ‘नॅट’. ताईंनी विचारलं, मागं फॉलंड लावू का, का हॉकर सिडली? दोन्ही छापलेलं त्यांनी शोधून काढलं होतं, कारण फॉलंड पुढं हॉकर सिडलीत सामील झाली. मी म्हटलं, कंपनी खाली घ्या. ‘सेबर स्लेअर’ म्हणजे सेबरचा काळ, हे १९६५ च्या लढाईत मिळालेलं बिरुद आहे, तेही खालीच. बिरुद म्हणजे नाव नव्हे.

खुद्द सेबरचंही असंच. ते आधी पी-८६ होतं. अमेरिकेनं १९४८ साली लढाऊ विमानांचं अक्षर पी वरून एफ केलं आणि ते एफ-८६ झालं. विमान तेच, धातू तोच, कागदावरचं अक्षर फिरलं.

दुसरी पट्टी माझ्या स्वतःच्या विमानाची, आणि तिथं मी हरलो. मी कागदावर ‘अजीत’ लिहून दिलं होतं. इंग्रजीत दोन ई आहेत, हँगरमध्ये हिंदीत आम्ही ती लांबवूनच म्हणायचो, फॉर्म ७०० च्या, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदींच्या, वहीवरही तेच स्पेलिंग. ताईंनी मशीन थांबवलं आणि म्हणाल्या, “काका, मराठीत अजित ऱ्हस्व. जित म्हणजे जिंकलेला, अजित म्हणजे जो जिंकला गेला नाही. जि दीर्घ केला की शब्दच मोडतो.” मी म्हटलं, वायुसेनेत असंच होतं. त्या म्हणाल्या, “वायुसेनेत इंग्रजीत होतं. इंग्रजीला आपली ऱ्हस्वदीर्घ येत नाहीत, म्हणून त्यांनी दोन ई लिहिले. नाव कुणाचं आहे? आपलंच ना?”

मी त्या दिवशी पट्टी न करताच घरी आलो. एसटीत बसून तेच डोक्यात. नॅटला मी कानाचा नियम लावला, मग अजितला का नाही? उत्तर सापडलं ते असं, की नॅट हा शब्द आपल्याला ऐकूनच कळला, पण अजित हा शब्द ते विमान यायच्या कितीतरी आधीपासून आपल्या घरात आहे. गावात चार अजित आहेत, एकाच्याही शाळेच्या दाखल्यावर दीर्घ नाही. ज्यांनी विमानाला ते नाव दिलं त्यांनी हाच शब्द, याच अर्थासाठी उचलला. दुसऱ्या दिवशी फोन केला, ऱ्हस्व करा. माझ्या हाताखालून गेलेल्या विमानाचं नाव मी चाळीस वर्षं मराठीत चुकीचं लिहीत होतो, ते एका पट्टी कोरणाऱ्या बाईंनी सुधारलं. हे मी आमच्या खोलीत सगळ्यांना सांगितलं आहे.

एक मात्र खरं, आमच्या वेळचे जुने वॉरंट ऑफिसर अजितलाही नॅटच म्हणायचे. “जा, त्या नॅटचं पॅनल बंद कर,” म्हटलं की समोर अजित उभं असायचं आणि आम्ही निमूट जायचो. त्यांच्या हातांना दोन्हीचे स्क्रू सारखेच लागत असणार. पण नावपट्टी त्यांच्या सवयीवर करता येत नाही.

तिसरं मॉडेल मरुतचं. हे गावातल्याच माझ्या एका थोरल्या सहकाऱ्यासाठी, ते मरुतवर होते. एचएफ-२४ मरुत, एचएफ म्हणजे हिंदुस्तान फायटर. १७ जून १९६१ ला पहिलं उड्डाण. जर्मनीतून आलेल्या कुर्ट टँक यांनी आखलेलं, आणि अवघी १४७ बांधली गेली. दोन ऑर्फियस इंजिनं, नॅटला होतं त्याच घराण्यातली. आकारानं इतकं देखणं विमान आपल्याकडं झालं नाही. कारागिरानं हे मॉडेल तिन्हींत सरस केलं आहे. कमरेपाशी अंग आवळून पुन्हा मागं भरत जाणारी ती रेषा लाकडात उतरवणं सोपं नाही, त्यानं ती एका कागदी साच्यावर तीनदा ताडून पाहिली.

आणि पट्टीवर आलं ‘मारुत’.

“मारुतीचंच नाव ना, काका?” त्यानं विचारलं. उंब्रजचा माणूस, समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक त्याच्या घराजवळ. त्याला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. इंग्रजी स्पेलिंगवरून पुन्हा देवनागरीत आणताना पहिला अ लांबतो, आणि मारुत हाही खरा शब्द आहे, वाऱ्याचा. पण विमानाचं नाव मरुत. वेदातले मरुत, वादळाचे देव, इंद्राचे सोबती. इंग्रजीत त्याचा अर्थ वादळाचा आत्मा असाच देतात. या खेपेला ताईंकडं न बघता मीच शब्दकोश मागितला. दुकानात होता. तिथं उभ्यानं दोन्ही शब्द वाचले आणि त्यांनी पट्टी नव्यानं कोरली. पितळेचा एक तुकडा वाया गेला, त्याचे पैसे मी देऊ केले, घेतले नाहीत.

ही पट्टी होईपर्यंत दुकानात एक कॉलेजचा मुलगा काकांबरोबर आला होता. त्याला दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन मेसरश्मिट हवं होतं आणि पट्टीवर ‘बीएफ १०९’ पाहिजे होतं. त्याच्या काकांचं म्हणणं ‘एमई १०९’. घरातून भांडूनच आले होते दोघं. कारागिरानं माझ्याकडं बोट केलं. दोघांचंही खोटं नाही. विमान आखलं गेलं तेव्हा कंपनीचं नाव बायरिशे फ्लुगत्सॉयगवेर्के, त्यातलं बीएफ. जुलै १९३८ मध्ये कंपनीला डिझायनर मेसरश्मिट यांचं नाव मिळालं आणि त्यानंतरच्या नव्या विमानांना एमई लागलं, एमई २६२ सारखं. पण १०९ ची नोंद बीएफनंच झाली होती आणि सरकारी कागदांत प्रामुख्यानं तीच राहिली. लढणाऱ्यांच्या तोंडी मात्र, दोन्ही बाजूंच्या, एमई बसलं होतं. माझा नियम लावायचा तर इथं पंचाईत होते, कारण उडवणारे एक म्हणतात आणि कागद दुसरं म्हणतो. मी मुलाच्या बाजूनं गेलो. वर बीएफ १०९, खाली एमई १०९ या नावानंही परिचित. काकांना ते तितकंसं पटलं नाही, आणि त्यांनाही कारण होतं. टँक साहेबांच्या त्या युद्धाच्या अखेरीच्या विमानांना तर त्यांच्या आडनावाचीच अक्षरं लाभली, टीए १५२. आपल्या मरुतवर त्यांचं अक्षर नाही, देशाचं आहे. ते मला बरोबर वाटतं.

मिग-२१ चं मॉडेल मी केलं नाही, पैसे संपले. पण त्या दुकानात ते तयार मिळतं, आणि पट्टीवर नुसतं ‘मिग-२१’ असतं. ते अपुरं आहे. आम्ही ज्यावर काम केलं ते एफएल, आमच्या बोलीत टाइप ७७. त्यानंतरचं टाइप ९६, मग बिस, आणि बिसचं नूतनीकरण झालेलं बायसन. चारही वेगळी, एकाचा सुटा भाग दुसऱ्याला लागेलच असं नाही. एफएलला त्रिशूल असंही नाव होतं, पण हँगरमध्ये कुणी ‘त्रिशूलचं चाक आण’ म्हणाल्याचं मला आठवत नाही. नाटोचं ‘फिशबेड’ तर आपलं नव्हेच, ते पलीकडच्यांनी ओळखीसाठी ठेवलेलं. घ्यायला जाल तर कुठलं मिग ते आधी ठरवून जा आणि पट्टी वेगळी सांगून करून घ्या. नाशिकजवळच्या ओझरच्या मिगच्या कारखान्यात हात काळे केलेले कितीतरी लोक आपल्या जिल्ह्यांत आहेत, त्यांना विचारा.

तक्रारी आहेत. स्टँडची ॲक्रिलिकची दांडी मॉडेलच्या पोटात सैल बसते, मरुत थोडा डावीकडं कलतो. मी गावी आणून सुताराकडून पाचर मारून घेतली. रंग चांगला असला तरी चंदेरी छटा जास्त चकाकते. खरी ॲल्युमिनियमची कातडी उन्हापावसानं मंद पडलेली असते. बांधून देताना वर्तमानपत्र आणि थर्माकोल, तेवढ्यावर एसटीनं आणायचं म्हणजे मांडीवरच घेऊन बसावं लागतं. आणि मुदत. पंधरा दिवस म्हटले तर महिना धरा. निवृत्तीच्या कार्यक्रमाची तारीख ठरलेली असेल तर दोन महिने आधी जा, लग्नसराईत ढाली-चषकांच्या गर्दीत विमानं मागं पडतात.

नॅट आता सेखोंच्या तसबिरीखाली आहे. परवा एक पोरगा पट्टी वाचून म्हणाला, “नाना, नॅट म्हणजे चिलट?” मी हो म्हटलं आणि त्याला पंखाखालच्या टाक्या दाखवल्या. थोरल्या सहकाऱ्यांना मरुत नेऊन दिलं तेव्हा त्यांनी चष्मा लावून आधी पट्टी वाचली, मग पालथं करून पोट बघितलं.

दुकान सोमवारी बंद असतं. दुपारी दोन ते चार जेवणाची सुट्टी. जाताना विमानाचे दोन फोटो न्या, एक बाजूनं आणि एक खालून, आणि नाव कागदावर स्वतःच्या अक्षरात देवनागरीत लिहून न्या. ताई एखादी वेलांटी दाखवून थांबल्या तर घाई करू नका.